कासचं फूल कागदावर: स्वतःच्या फोटोवरून जलरंगात चित्र कसं करायचं

सप्टेंबर लागला की साताऱ्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर कासच्या पठाराचे फोटो सुरू होतात. गुलाबी तेरड्याचा गालिचा, वर ढग, मधोमध कुणीतरी हात पसरून उभं. त्यात वाईट काही नाही. पण दरवर्षी चार-दोन जण तरी विचारतातच, की मला ते फूल नीट टिपायचंय आणि मग घरी बसून कागदावर काढायचंय, सुरुवात कुठून करू? हा लेख त्यांच्यासाठी. हातात साधा फोन किंवा कुणाचा तरी जुना डीएसएलआर आहे आणि शाळा सुटल्यापासून ब्रश धरलेला नाही, असा माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर उत्तम, नसेल तरी काही अडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. लोकांना आवडणारा फोटो वेगळा आणि चित्राच्या कामाला येणारा फोटो वेगळा. पहिल्यात एक पाकळी धारदार आणि बाकी सगळं धूसर असलं की वाहवा होते. दुसऱ्यात त्या धूसरपणाचा काडीचा उपयोग नाही. देठ पानाला कुठे चिकटतो, पानाची मागची बाजू कशी आहे, खाली जांभा आहे की गवत, हे दिसलं नाही तर चित्र काढताना तुम्ही मनाने भरणार, आणि मनाने भरलेलं पान लगेच ओळखू येतं.

१. हंगाम आणि जागा ठरवा

कास साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. यवतेश्वरच्या घाटाने वर चढायचं. बामणोलीकडे जाणाऱ्या एसटी याच रस्त्याने जातात. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. फुलांचा बहर साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पाऊस मागेपुढे झाला की बहरही सरकतो, त्यामुळे तारखेवर अडून बसू नका.

नवख्या माणसाला वाटतं की पठारावर एकाच वेळी सगळं फुलतं. तसं नसतं. पाऊस जोरात असतो तेव्हा ओल्या कातळावरची बारीक फुलं आधी दिसतात. पाऊस ओसरू लागला की पिवळी सोनकी आणि कवला जोर धरतात. हा कवला म्हणजेच ज्याला सगळे मिकी माउस म्हणतात ते फूल. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तिच्या भरवशावर चित्रांची मालिका आखू नका. दिवसातली वेळही बघावी लागते. केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटतो. अकरा वाजता निवांत डबा खाऊन मग केना शोधायला गेलात तर मिटलेल्या कळ्याच हाती लागतील.

पहिल्याच वर्षी दहा फुलं काढायचा हट्ट नको. दोन निवडा. एक मोठं आणि सोपं, म्हणजे तेरडा किंवा सोनकी. दुसरं बारीक आणि चिकाटी बघणारं, म्हणजे सीतेची आसवे किंवा गेंद. त्याच दोन फुलांकडे हंगामात पुन्हापुन्हा जा. कळी, ऐन फूल, सुकत चाललेलं फूल, बी धरलेलं बोंड असं सगळं एकाच कागदावर आलं की चित्राला वजन येतं.

२. नोंदणी आणि कागदपत्रं

हंगामात कासला प्रवेशशुल्क असतं आणि दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात. नोंदणी ऑनलाइन होते. दर, वेळा आणि गाड्या लावायची जागा दरवर्षी थोडी बदलते, म्हणून गेल्या वर्षी कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. सोबत हे ठेवा:

- नोंदणीची पावती, फोनवर आणि छापील दोन्ही. वर गेल्यावर रेंजचा भरवसा नाही.
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र.
- थोडी रोख रक्कम, सुट्ट्या पैशांसह.
- मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड नेणार असाल तर त्याला वेगळं शुल्क किंवा परवानगी आहे का, याची नोंदणीच्या वेळीच चौकशी.

ड्रोन घरी ठेवा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि तसंही बोटाच्या पेरापेक्षा लहान फुलाला आकाशातून बघून आपल्याला काय मिळणार आहे?

शनिवार-रविवार टाळा. शक्यच नसेल तर सकाळची पहिली वेळ घ्या. दहानंतर यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते आणि तुमचा प्रकाश त्या रांगेतच संपतो.

३. सामान

फोन चालतो. हे आधी लिहिते, कारण "चांगला कॅमेरा घेतला की सुरू करू" म्हणणारे बरेचजण कधीच सुरू करत नाहीत. फोन घेऊन जाणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा, की स्वस्त फोनमधला वेगळा मॅक्रो कॅमेरा बहुतेक वेळा दोन मेगापिक्सेलचा असतो. त्याने काढलेलं फूल स्क्रीनवर बरं दिसतं, पण प्रिंट मारली की शिरा गायब. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने जरा लांबून काढा आणि नंतर कापून घ्या.

कॅमेरा असेल तर मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी, सगळ्यात सोयीची. ती नसेल तर किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स) एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावून काम भागतं. पोलरायझर फिल्टर ओल्या पानांवरची चकाकी मारतो, मात्र प्रकाशही बराच खातो आणि हलणारं फूल धूसर येतं. म्हणून वारा असेल तेव्हा काढून ठेवा.

बाकीची पिशवी अशी:

- ट्रायपॉडऐवजी कापडी पिशवीत किलोभर शाळू भरून शिवून घ्या. कॅमेरा जमिनीलगत टेकवायला याहून चांगलं काही नाही.
- बटर पेपरचा हातभर तुकडा. ऊन कडक असेल तेव्हा फुलावर सावली धरायला.
- शाळेतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा.
- फोन-कॅमेऱ्यासाठी प्लॅस्टिक, दोन सुके सुती रुमाल, सिलिका जेलच्या पुड्या.
- बसायला रबरी चटई. रस्त्यावर किंवा पायवाटेवर बसायला, फुलांवर अंथरायला नव्हे.
- खिशात मावेल अशी वही, एचबी आणि टू-बी पेन्सिल, छोटा रंगांचा डबा, पाण्याची चपटी बाटली, सहा नंबरचा गोल ब्रश.

लेन्सवर बुरशी हा आपल्याकडचा पावसाळी रोग आहे. कासवरून आल्यावर कॅमेरा तसाच बॅगेत कोंबून ठेवला की महिन्या-दोन महिन्यांत काचेत जाळं दिसायला लागतं. आधी पंख्याखाली वाळवा, मग सिलिका जेलसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणखी एक: एसी लावलेल्या गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर दव धरतं. शेवटच्या वळणांवर एसी बंद करून खिडक्या उघडा, तेवढ्यात कॅमेरा बाहेरच्या हवेला सरावतो.

४. पठारावर: आधी पाय, मग डोळा, शेवटी कॅमेरा

कासची माती म्हणजे कातळावर बसलेला पातळसा थर. काही ठिकाणी तर बोटभरही नाही. त्यातच बिया, कंद, मुळं. एक पाऊल पडलं की ती जागा पुढच्या वर्षी उघडी दिसू शकते. म्हणून आखलेली वाट सोडायची नाही. वाटेच्या कडेला चांगलं फूल मिळत नाही हा गैरसमज आहे. नीट वाकून बघितलं की वाटेच्या हातभर अंतरातच दिवसभराचं काम असतं. आणि फूल तोडून घरी नेऊन काढू, हा विचार तर डोक्यात आणूच नका. तिथे ते चालत नाही, आणि तसंही सीतेच्या आसवांचं फूल गाडीपर्यंत येईतो मलूल होतं.

सुरुवातीचा अर्धा तास कॅमेरा बाहेर काढू नका. बसा आणि बघा. मी हे सगळ्यांना सांगते आणि सगळ्यांना ते वेळखाऊ वाटतं. पण त्या अर्ध्या तासात कळतं की वारा कुठून येतोय, ढग किती वेळ सूर्य झाकतोय, आणि शंभर फुलांतलं कुठलं एक शाबूत आहे. पाकळीला कीड लागलेलं फूल घरी आल्यावर स्क्रीनवर दिसतं तेव्हा फार चिडचिड होते.

*प्रकाश.* ढगाळ हवा ही फुलाच्या चित्रासाठी देणगी आहे. उन्हात पाकळीचा अर्धा भाग पांढराफटक आणि अर्धा काळा होतो, मधला रंगच उरत नाही. ढगाखाली रंग सपाट पण खरा येतो. मात्र सगळेच फोटो सपाट प्रकाशातले असले तर चित्रात गोलाई आणणं अवघड जातं. म्हणून आकारासाठी एक-दोन फोटो तिरप्या सकाळच्या उन्हातले हवेत आणि रंगासाठी ढगाखालचे.

*उंची.* उभ्याने वरून काढलेलं फूल म्हणजे नुसती चकती. कॅमेरा फुलाच्या बरोबरीला आणा. तेरड्याला मागे बारीक वाकडी शेपटी असते, तिच्यात मध असतो. समोरून काढला तर ती दिसतच नाही आणि तेरडा कुठल्याही गुलाबी फुलासारखा होऊन बसतो. बाजूने काढला की लगेच तेरडा.

*अंतर.* फोन अगदी फुलाच्या तोंडाशी नेला की पुढची पाकळी फुगते आणि मागची आक्रसते. त्या फोटोवरून चित्र काढलंत तर प्रमाण चुकतं आणि का चुकलं ते कळत नाही. फोनला दोन किंवा तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरून मागे सरका.

*फोकस आणि वारा.* कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक) एफ/८ ते एफ/११ ठेवा म्हणजे फुलाचा बराचसा भाग धारदार येतो. एफ/१६ च्या पुढे गेलात तर सगळंच जरा मऊ पडायला लागतं. वर वारा थांबत नाही, त्यामुळे शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) १/२५० सेकंदाहून हळू होऊ देऊ नका, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची ताकद) वाढला तरी चालेल. आपल्याला दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. वाऱ्याची झुळूक गेल्यानंतर क्षणभर देठ स्थिर होतो, तेवढ्यात चार-पाच फोटो सलग मारा. फुलाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत फोकस सरकवत काही फोटो काढलेत तर घरी सगळे शेजारी ठेवून प्रत्येक भाग स्पष्ट बघता येतो. कॉम्प्युटरवर ते जोडायलाच हवेत असं नाही, डोळ्याने जोडा.

*पांढरं फूल.* गेंदाचे पांढरे गोळे गडद गवतात उठून दिसतात, आणि कॅमेरा गवताकडे बघून प्रकाश वाढवतो. मग गोळा नुसता पांढरा ठिपका होतो. फोनवर गोळ्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे दोन-तृतीयांश किंवा उणे एक करा. फोटो थोडा काळसर वाटला तरी गोळ्यावरचे बारीक दाणे दिसले पाहिजेत.

आता प्रत्येक फुलाचा संच कसा घ्यायचा ते सांगते. पूर्ण रोप, जमिनीसकट. फूल समोरून, बाजूने, मागून. कळी. पान वरून आणि शक्य असेल तर खालून. देठाला पान फुटतं ती जागा. शेजारी पट्टी धरून एक फोटो, म्हणजे आकार कळतो. शेजारी पांढरा कागद धरून एक, म्हणजे घरी रंग जुळवता येतो. आणि शेवटी आजूबाजूची जागा, कारण सीतेची आसवे कातळावरच्या उथळ पाण्यात उगवतात आणि ते पाणी चित्रात नसेल तर ते रोप हवेत तरंगल्यासारखं वाटतं. ही वनस्पती बुडाशी असलेल्या बारीक फुग्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते, हेही माहीत असलेलं बरं. मग त्या पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

५. वही उघडा

फोटो झाले म्हणजे काम झालं असं वाटून बरेचजण इथेच भज्यांच्या गाडीकडे वळतात. अजून पंधरा मिनिटं थांबा.

फोन आणि कॅमेरा जांभळ्या रंगाच्या बाबतीत हमखास गडबड करतात. तेरड्याचा जांभळट गुलाबी भडक होतो, सीतेच्या आसवांचा जांभळा निळा होतो. घरी येऊन स्क्रीनवरून रंग कालवलात तर तुम्ही कॅमेऱ्याची गडबड इमानाने कागदावर उतरवणार. म्हणून जागेवरच वहीत रंगाच्या पट्ट्या ओढा. डब्यातला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि गुलाबी थोडा-थोडा कालवून कागदावर बोटभर पट्टी, ती फुलाशेजारी धरून बघा, जुळेपर्यंत बदला. जुळली की शेजारी लिहा कुठला रंग किती. जलरंग वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे ओल्या पट्टीवर निवाडा देऊ नका.

याच पानावर तारीख, वेळ, हवा, जागा आणि एक ओबडधोबड रेखाटन. रेखाटन सुंदर असायची गरज नाही. पण हाताने एकदा काढलं की लक्षात राहतं की देठ कुठे वाकतो. फुलाचं स्थानिक नाव तिथल्या गाइडला विचारून लिहा. आसपासच्या गावांतली मंडळीच तिथे काम करतात, आणि त्यांना पुस्तकांत न मिळणाऱ्या गोष्टी माहीत असतात.

६. घरी आल्यावर निवड

त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी ठेवा, नाव आणि तारखेच्या फोल्डरमध्ये. "नवीन फोल्डर (३)" मध्ये ठेवलेलं फूल पुढच्या दिवाळीत सापडत नाही.

एडिटिंग कमीत कमी. पांढऱ्या कागदाच्या फोटोवरून व्हाइट बॅलन्स जुळवा, म्हणजे कागद पांढराच दिसेल असे रंग करा, सावल्या थोड्या उघडा, बस. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या भडकपणाला, हात लावू नका. कॅमेऱ्यात रॉ फाइलची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) सोय असेल तर तीच काढा, रंग नंतर दुरुस्त करायला वाव राहतो.

एका चित्रासाठी एकच फोटो घेऊन बसू नका. एका फोटोतलं फूल, दुसऱ्यातलं पान, तिसऱ्यातली कळी असं जुळवून मांडणी करा. इथेच फोटो संपतो आणि तुमचं चित्र सुरू होतं. फोटोतल्या आडव्यातिडव्या गवताच्या काड्या, मागची पर्यटकाची लाल चप्पल, हे काही तुमच्या कागदावर यायलाच हवं असं नाही.

७. कागदावर

कागदात काटकसर करू नका. ब्रश साधे चालतील, रंग विद्यार्थ्यांच्या दर्जाचे चालतील, पण कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), जलरंगासाठीचाच घ्या. पातळ ड्रॉइंग पेपरवर पाणी पडलं की तो फुगतो आणि दोष तुम्ही स्वतःला देत बसता. फुलांच्या बारीक कामाला गुळगुळीत म्हणजे हॉट प्रेस कागद बरा, निसर्गदृश्याला खरखरीत कोल्ड प्रेस. चारी बाजूंनी मास्किंग टेपने पॅडला चिकटवा.

रंग मोजके: लेमन यलो, गॅम्बोज (गडद पिवळा), परमनंट रोझ (गुलाबी), अल्ट्रामरीन, सॅप ग्रीन (हिरवा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा गडद लाल दिसतो देखणा, पण त्याचा जुना प्रकार उजेडात उडतो. भिंतीवर लावायच्या चित्रात तो नको.

*रेखाटन.* आधी एकदा फोटो बघून हाताने काढा. नंतर तुलना करायला फोटोची फिकट प्रिंट घेऊन तिच्यावर दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन आखा आणि कागदावर चार-चारचे. चित्र दुप्पट होतं. खिडकीच्या काचेवर कागद धरून ट्रेस करणं म्हणजे चोरी, असं काही मंडळी म्हणतात. मला तसं वाटत नाही. फोटो तुमचा असेल तर बाह्यरेषा ट्रेस करायला हरकत नाही. फक्त हाताने काढायची सवय सुटू देऊ नका, नाहीतर ट्रेसची रेषा सगळीकडे एकाच जाडीची येते आणि फूल कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

*गेंद: पांढरं कसं काढायचं.* जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद, तो राखायचा असतो. गेंदाचे गोळे पेन्सिलने अगदी हलके आखा. आता गोळ्यांना हात न लावता त्यांच्या भोवतीचं गवत रंगवायचं. सॅप ग्रीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालून मध्यम हिरवा करा, गोळ्याच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने ब्रश न्या. कडेशी रंग दाट, बाहेर जाता जाता पाण्याने पातळ. हा थर पूर्ण वाळू द्या. मग त्याच हिरव्यात अल्ट्रामरीन घालून गडद करा आणि गोळ्यांच्या अगदी खाली, देठांच्या मधल्या फटीत भरा. आता गोळे आपोआप पुढे येतात. शेवटी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची अतिशय पातळ करडी छटा गोळ्याच्या एका बाजूला, आणि त्यावर टोकदार ब्रशने मोजके ठिपके. इथे हात आवरा. ठिपके जास्त झाले की गोळा मळका दिसतो. गोळे पुष्कळ असतील तर मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखणारा, नंतर खरवडून काढायचा चिकट द्रव) वापरा, पण त्यात चांगला ब्रश बुडवू नका, वाया जातो. जुना ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या.

*पिवळं फूल.* सोनकी आणि कवल्याची अडचण वेगळी. पिवळ्याची सावली करायला काळा घातला की फूल हिरवट, आजारी दिसतं. लेमन यलोचा पातळ थर, वाळल्यावर सावलीच्या बाजूला गॅम्बोज, आणि सगळ्यात खोल जागी बर्न्ट सिएनाचा स्पर्श. कवल्याचे तांबडे डाग शेवटी, कोरड्यावर, म्हणजे पसरत नाहीत.

*जांभा.* ओल्या जांभ्याचा रंग नुसता तपकिरी नसतो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ओल्या कागदावर शेजारी-शेजारी सोडा, आपोआप मिसळू द्या. वाळत आल्यावर मुठीत चुरगळलेल्या टिश्यूने टिपलं की खडकाची भोकं तयार होतात.

एका बैठकीत चित्र पुरं करायची घाई करू नका. खालचा थर ओला असताना वरचा दिलात की चिखल होतो. पावसाळी हवेत कागद वाळायला भरपूर वेळ घेतो. हेअर ड्रायर चालतो, लांबून धरून.

८. फुलं संपल्यावर

ऑक्टोबरनंतर कॅमेरा कपाटात ठेवू नका. खटाव तालुक्यातले मायणी आणि येरळवाडीचे तलाव हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांसाठी ओळखले जातात, पाणी असेल त्या वर्षी रोहितही (फ्लेमिंगो) येतात. पक्ष्यांना शटर १/१००० च्या वर आणि सलग फोटो. त्या मालिकेतून पंखाच्या वेगवेगळ्या अवस्था मिळतात, चित्राला तेच हवं असतं. घरट्याजवळ जाऊ नका आणि फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य लहानसं आहे, पण हरणांची रेखाटनं करायला फार चांगलं.

सांगलीकरांच्या हाताशी कृष्णा आहेच. हिवाळ्यात सकाळी धुकं असताना १९२९ च्या आयर्विन पुलाच्या कमानी, किंवा हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. जलरंगात ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडणं, करायला याहून सोयीचा विषय नाही. दोन धोके मात्र सांगायलाच हवेत. पावसाळ्यात घाटावर उतरण्याआधी आयर्विनजवळची पातळी बघा: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. दुसरं, नदीत मगरी आहेत. भिलवडी, डिग्रज या भागात त्या काठावर ऊन खातानाही दिसतात. पाण्याच्या कडेला पालथं पडून फोटो काढण्याची हौस तिथे नको. घाटाच्या वरच्या पायरीवरून लांब लेन्सने काढा.

आणि कुठल्याही मोसमात एक दिवस औंधसाठी ठेवा. साताऱ्याहून चाळीसेक किलोमीटर. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांमुळे त्यांचं नाव लोकांना ठाऊक असतं, चित्रांमुळे कमी. त्यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मा आणि चित्रकार धुरंधर यांची चित्रं समोरासमोर बघायला मिळतात. तिथे फोटो काढत बसण्यापेक्षा एका चित्रापुढे उभं राहून सावल्यांमध्ये कुठकुठले रंग आहेत ते शोधा. सावलीत नुसता काळा सापडणार नाही. कोल्हापूरला गेलात तर कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रंही बघून या. आपल्याच भागातली माती आणि पाणी त्यांनी कसं रंगवलं ते बघितल्यावर यूट्यूबवरचे परदेशी डोंगर गिरवायची इच्छा उरत नाही.

९. हक्क, छपाई, फ्रेम

चित्र दुसऱ्याच्या फोटोवरून काढलं असेल तर ते प्रदर्शनात लावण्याआधी किंवा विकण्याआधी त्याची परवानगी लागते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि गूगलवर मिळालेला फोटो त्यातून सुटत नाही. स्वतःच्या फोटोवर काम करण्याचा हा एक रोकडा फायदा. मूळ फाइल जपून ठेवा, स्पर्धेत कधीकधी मागतात.

छपाईचा हिशेब सोपा आहे: इंचाला ३०० पिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा फोन ४००० गुणिले ३००० पिक्सेल देतो, म्हणजे साधारण १३ गुणिले १० इंचांची प्रिंट उत्तम येते. त्याहून मोठी मारून देतो म्हणणारा दुकानदार देईलही, जवळून बघू नका इतकंच. चित्राची प्रत हवी असेल तर स्कॅन करा. स्कॅनरमध्ये मावत नसेल तर ऊन थेट न येणाऱ्या खिडकीपाशी भिंतीवर लावून, फ्लॅश बंद ठेवून, अगदी समोरून फोटो घ्या.

फ्रेमवाल्याकडे काच चित्राला चिकटवून देण्याची पद्धत असते. तसं करू देऊ नका. मध्ये माउंट बोर्ड (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) मागा, तोही अ‍ॅसिड-फ्री, नाहीतर काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात. काच आणि कागद यांत फट राहिली नाही की आपल्या पावसाळ्यात ओल अडकते आणि चित्रावर करडे ठिपके येतात. सही पेन्सिलने, कोपऱ्यात, काच बसण्याआधी. पावसाचा मारा बसतो त्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावायचीच असेल तर मागच्या चारी कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून फ्रेम उतरवून मागे हात लावून बघा. दमट लागली तर दोन दिवस पंख्याखाली ठेवून मगच परत टांगा.